अभ्यासक्रम सरकारचा, मग तपासणी कशाची?

पत्राचा सारांश: ठाणे पूर्वेतील एका अनुदानित मराठी माध्यमाच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांचे हे पत्र आहे. सेवाज्येष्ठतेनुसार गेल्या वर्षी त्यांच्याकडे पदभार आला. पाचवी ते दहावीचे वर्ग आणि जोडून प्राथमिक विभाग अशी शाळा. सध्या शाळा गुणवत्ता मूल्यांकनाची १२८ मानके स्वतःच भरून पुरावे जोडायचे काम सुरू आहे, आणि त्यानंतर बाहेरचे पथक येऊन पडताळणी करणार आहे. इमारत, पोषण आहार, स्वच्छतागृहे यांची त्यांना चिंता नाही. अडचण आहे ती अभ्यासक्रम, अध्यापन आणि मूल्यांकन या भागाची. "अभ्यासक्रम राज्याचा, पुस्तके बालभारतीची, त्यात आमच्या शाळेची गुणवत्ता ती काय तपासणार?" असे त्या विचारतात. ज्येष्ठ शिक्षकांचा सल्ला आहे की प्रत्येक मानकात शाळेसाठी वरचा स्तर नोंदवा आणि फाइली चोख ठेवा, कारण सगळ्याच शाळा तसे करतात. संस्थेच्या अध्यक्षांना रंगकाम आणि बोलक्या भिंती हव्या आहेत. बाईंनी स्वतः सहावीच्या वह्या चाळल्या, तेव्हा अपूर्णांकांची बेरीज निम्म्याहून अधिक मुलांची चुकलेली दिसली. शिक्षकांच्या टाचणात, म्हणजे पाठाच्या नियोजनाच्या वहीत, मात्र तो घटक पूर्ण झालेला आहे. खरे लिहिले तर शाळेचे नाव जाईल, पट घसरेल आणि शिक्षक अतिरिक्त ठरतील ही भीती. खोटे लिहिणे मनाला पटत नाही. "काय करू?"

नमस्कार बाई,

तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे, ती म्हणजे सहावीच्या वह्या. अभ्यासक्रमाची गुणवत्ता जाणकार निरीक्षक जिथे शोधतो, तिथे तुम्ही आपणहून पोहोचला आहात, आणि तरीही मनावर ओझे आहे ते फाइलींचे. त्या ओझ्याकडे नंतर येऊ. आधी तुमचे पहिले गृहीतक तपासू.

अभ्यासक्रम राज्याचा आहे हे तुमचे म्हणणे कायद्याने बरोबरच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ नुसार आठवीपर्यंतचा अभ्यासक्रम आणि मूल्यमापनाची पद्धत ठरवण्याचे काम राज्याने नेमलेल्या शैक्षणिक प्राधिकरणाचे आहे, आणि पुढे राज्य मंडळ आहेच. शाळेला एखादा घटक गाळता येत नाही. परंतु २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने अभ्यासक्रमाची व्याप्ती घटकांच्या यादीपुरती ठेवलेली नाही. शिक्षणाच्या उद्दिष्टांकडे नेणारा, शाळेत मुलाला मिळणारा सगळा योजलेला अनुभव त्यात धरला आहे. या व्याप्तीने पाहिले, तर तुमच्या शाळेत दर जूनमध्ये किती निर्णय घेतले जातात ते पाहा. पाचवीचे गणित कोणाकडे द्यायचे, अनुभवी शिक्षकाकडे की जो तास रिकामा सापडेल त्याच्याकडे. वार्षिक नियोजनात कठीण घटकाला किती तासिका द्यायच्या आणि तो गणपती-नवरात्राच्या सुट्ट्यांच्या आधी घ्यायचा की नंतर. मागच्या इयत्तेतले काय पुन्हा घ्यायचे. सेमी इंग्रजीच्या वर्गात विज्ञानाच्या संज्ञा मराठीतून समजावायच्या की नाही. घटक चाचणीत काय विचारायचे. चित्रकलेचा तास दहावीच्या गणिताला द्यायचा की नाही. हे निर्णय पुण्याहून येत नाहीत. ते तुमच्या खोलीत, वेळापत्रक करणाऱ्या शिक्षकाच्या वहीत आणि बरेचदा कोणाच्याही नकळत होतात.

दोन विषयांचा एकमेकांशी असलेला संबंध हा असाच शाळेच्या हातातला भाग आहे. सहावीच्या गणितात गुणोत्तर-प्रमाण येते आणि आठवीच्या भूगोलात नकाशाप्रमाण येते. भूगोलाच्या शिक्षकांना हे ठाऊक असेल, तर 'एक सेंटिमीटरला एक किलोमीटर' हे मुलांच्या ओळखीच्या गुणोत्तराने सुरू होते; ठाऊक नसेल, तर तीच गोष्ट मुलांना दुसऱ्यांदा नवी म्हणून पाठ करावी लागते. दोन्ही पुस्तके सरकारचीच असतात, पण त्यांतला सांधा जुळवायचा तो शाळेने. तपासण्यासारखे नेमके हेच आहे.

अभ्यासक्रमाची तपासणी गांभीर्याने करायची, तर निरीक्षकाला शेवटी याच सांध्यांकडे यावे लागते. इंग्लंडचे उदाहरण आपल्याला उपयोगी आहे, कारण त्यांच्या चुकाही उघड झाल्या आहेत. तिथे १९९२ मध्ये स्थापन झालेली ऑफस्टेड ही संस्था शाळा तपासते. बराच काळ तिचा भर परीक्षांच्या आकड्यांवर होता, आणि पुढे तिच्याच पाहणीत असे दिसले की काही शाळा परीक्षेला येणाऱ्या मजकुरापुरत्या आक्रसत चालल्या आहेत. म्हणून सप्टेंबर २०१९ पासून तिने तीन गोष्टी पाहायला सुरुवात केली: शाळेने काय आणि कोणत्या क्रमाने शिकवायचे ठरवले आहे आणि का, ते वर्गात प्रत्यक्ष कसे उतरते, आणि मुलांच्या पदरी काय पडते. त्यासाठी निरीक्षक काही मोजके विषय निवडून खोलात जात. आधी मुख्याध्यापकांशी, मग त्या विषयाच्या प्रमुखाशी बोलत, नंतर वर्गात बसत, त्याच वर्गाच्या वह्या पाहत आणि शेवटी मुलांशी बोलत. या सगळ्यांनी सांगितलेले एकमेकांशी जुळते का, हा खरा प्रश्न असे. शाळेने स्वतः बनवलेले प्रगतीचे तक्ते पुरावा म्हणून धरायचे नाहीत, आणि ठरावीक नमुन्यातील पाठाचे टाचण मागायचे नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले होते. आपल्याकडचे शिक्षक हे वाचून सुस्कारा टाकतील, पण या पद्धतीचाही जाच झालाच. लहान प्राथमिक शाळांत एकाच शिक्षकाकडे दोन-तीन विषयांची प्रमुखपदे, आणि प्रत्येकाचे उत्तर तयार ठेवण्याची धास्ती. संपूर्ण शाळेवर एका शब्दाचा शेरा मारण्याची तिथली रीत अखेर सप्टेंबर २०२४ मध्ये बंद करावी लागली. त्यांचा साचा इथे आणून बसवावा असे मी म्हणणार नाही. त्यातला एक प्रश्न मात्र घेण्यासारखा आहे: ठरवलेले, शिकवलेले आणि मुलांकडे उरलेले या तिन्हींत अंतर किती?

आपल्या कायद्यातही हा प्रश्न आहे, फक्त आपण त्याचा अर्धाच भाग वाचतो. कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्ये दिली आहेत. ठरलेल्या वेळेत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करणे हे त्यातले एक कर्तव्य, आणि ते सगळ्यांना तोंडपाठ असते, कारण 'पोर्शन झाला का' हा प्रश्न मुख्याध्यापकांपासून पालकांपर्यंत सगळे विचारतात. त्याला लागूनच असलेले दुसरे कर्तव्य असे, की प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासावी आणि गरज असेल तिथे जादा शिकवावे. सहावीच्या शिक्षकांनी पहिले कर्तव्य पार पाडले, ते टाचणात दिसते. दुसरे राहिले, ते तुम्हाला वह्यांत दिसले. या शिक्षकांबद्दल तुमच्या पत्राचा सूर किंचित कडक झाला आहे असे मला वाटले, म्हणून हे सांगतो. ज्या गोष्टीची चौकशी वर्षभर होते तीच माणूस करतो; निवडणुकीचे काम, ऑनलाइन माहित्या आणि प्रशिक्षणे यांतून उरलेल्या तासांत तर आणखीच.

आता त्या वह्यांकडे जरा जवळून पाहू. १/२ + १/३ याचे उत्तर २/५ लिहिणारे मूल निष्काळजी नसते. ते अंशात अंश आणि छेदात छेद मिळवते, कारण अपूर्णांक ही एकच संख्या आहे हे त्याच्या मनात कधी उतरलेलेच नसते, त्याला रेघेच्या वर आणि खाली दोन वेगळ्या संख्या दिसतात. हेच मूल बाजारातून पाव किलो मिरच्या आणि अर्धा किलो कांदे आणते आणि दोन्हींचे मिळून पाऊण किलो होतात हे बिनचूक सांगते. मग खीळ कुठे बसली? चौथी आणि पाचवीच्या वह्या काढून पाहा. बहुतेक ठिकाणी असे सापडते की पाचवीत सममूल्य अपूर्णांक कागदाच्या घड्या घालून, रंगवून, चार-सहा दिवस रेंगाळत शिकवायचे असतात, तिथे घाईने थेट तिरकस गुणाकाराची युक्ती देऊन टाकलेली असते. युक्तीने चाचणीत गुण पडतात, पाचवीचा निकाल चांगला लागतो, उन्हाळ्याच्या सुट्टीत युक्ती विसरली जाते, आणि सहावीच्या शिक्षकांच्या हाती काहीच उरत नाही. त्यांनी फळ्यावर उदाहरण सोडवून दाखवले की मुले उतरवून घेतात. वर्गातल्या सगळ्या वह्यांत एकच उदाहरण, तीच मांडणी, आणि फळ्यावर चुकून राहिलेला अंकही सगळ्यांच्या वहीत जशाच्या तसा. खाली लाल शाईत 'पाहिले' आणि तारीख. त्यानंतरचा स्वाध्याय मुलांनी स्वतः केला असेल, तर २/५ तिथे दिसते.

म्हणजे सहावीत दिसणारा दोष पाचवीत जन्मलेला आहे, आणि त्यात पाचवीचे गणित कोणाकडे दिले, किती तासिका दिल्या, हे तुमच्या कार्यालयाचे निर्णयही मिसळलेले आहेत. पाचवीची फाइल स्वच्छ, सहावीची फाइल स्वच्छ, आणि मूल मात्र मधल्या फटीत पडलेले. कोणत्याही एका शिक्षकाच्या फाइलीत हे दिसणार नाही. हा दोष शाळेच्या अभ्यासक्रमाचा आहे, आणि तो पाहू शकणारी शाळेतली एकमेव व्यक्ती म्हणजे तुम्ही.

आता फाइलींविषयी. तुमच्याकडे येणारे पथक वह्या उघडेल, मुलांशी बोलेल, अशी हमी मी देऊ शकत नाही. पथकाकडे वेळ मोजका असतो, त्यात चहा-नाष्टा, स्वागत आणि परिपाठ. उरलेल्या वेळात मानके पडताळायची, तर माणूस फाइलच मागतो. ते चूक आहे असे म्हणून तुमचे काम भागणार नाही. म्हणून जनरल रजिस्टर, हजेरीपत्रके, पोषण आहाराच्या नोंदी, वार्षिक आणि घटक नियोजन, निकालपत्रके ही आवश्यक कागदपत्रे लिपिक आणि एका शिक्षकाकडे सोपवून, ठरलेल्या मुदतीत पूर्ण करून घ्या आणि तिथे थांबा. सजावटीच्या फाइलींसाठी शिक्षकांना शाळा सुटल्यावर बसवू नका. अनुभवी निरीक्षकाला फाइल वाचता येते. तुमचे ज्येष्ठ सहकारी समजतात तितका तो भाबडा नसतो. वर्णनात्मक नोंदींचे पान उलटले आणि चाळीस मुलांपुढे आलटून पालटून 'सुविचार सांगतो', 'स्वच्छतेच्या सवयी पाळतो', 'गटकार्यात सहभागी होते' एवढीच तयार वाक्ये दिसली, की शाळेत मूल्यमापन कसे होते ते त्याला कळून चुकते. त्याऐवजी दहाच मुलांपुढे 'छेद वेगळे असले की अडते. घड्यांचा कागद दिल्यावर जमले' अशी खरी नोंद असेल, तर तो तिथे थांबतो.

तुमच्या स्वतःच्या लॉगबुकचेही तेच. पाठनिरीक्षणानंतर आपण सवयीने लिहितो, 'पाठ चांगला झाला, फलकलेखन सुंदर, शुभेच्छा.' या शेऱ्यातून निरीक्षकाला शिक्षकाविषयी काही कळत नाही, मुख्याध्यापकांविषयी मात्र बरेच कळते. यापुढे एका पाठाखाली दोन वाक्ये लिहा: हा घटक मागच्या इयत्तेतल्या कशावर उभा आहे आणि तो आधार मुलांकडे होता का, आणि पुढच्या भेटीत मी काय पाहणार. ठरल्याप्रमाणे पुन्हा गेलात की त्याच नोंदीखाली तारीख घाला. अभ्यासक्रमावर मुख्याध्यापकांचे लक्ष आहे याचा यापेक्षा बळकट पुरावा मला तरी ठाऊक नाही, आणि त्याला छायाचित्र लागत नाही.

छायाचित्रांचा विषय निघाला आहे तर स्थानिक परिसराशी जोडणी या मुद्द्याकडे वळतो, कारण तिथे खोट्या पुराव्यांचा सर्वांत जास्त सुळसुळाट आहे. बॅनर धरून रांगेत उभी मुले, मध्ये पाहुणे, वर 'क्षेत्रभेट' असे शीर्षक. ठाणे पूर्वेच्या शाळेला याची काय गरज? सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटीचा स्वतंत्र पाठ आहे. तुमच्या शाळेपासून खाडी जवळ आहे, आणि चेंदणी कोळीवाड्यातली मुले तुमच्याकडे येत असतील, तर उधाण आणि भांग त्यांच्या घरात तिथीवरून ओळखले जातात. अमावस्या-पौर्णिमेला पाणी कुठवर चढते आणि अष्टमीला कसे नरमते, हे त्यांच्या आजोबांना पुस्तकाआधी माहीत आहे. तरीही पाठ फळ्यावरच्या सूर्य-चंद्र-पृथ्वीच्या आकृतीवर सुरू होऊन तिथेच संपतो. मुलांनी पंधरवडाभर रोजची भरतीची वेळ आणि तिथी वहीत टिपली, मोठ्यांना विचारून किंवा भरतीच्या वेळापत्रकावरून, तर वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते हे त्यांच्या नजरेस येते, आणि मग 'असे का' हा प्रश्न ते विचारतात. आकृती त्या प्रश्नाच्या उत्तरादाखल आली की ती बसते. यात बस नाही, बॅनर नाही, खर्च नाही. निरीक्षकाने एखाद्या मुलाला 'उद्या भरती साधारण किती वाजता?' असे विचारले आणि त्याने वही उघडून हिशेब सांगितला, तर ते मानक तिथेच सिद्ध झाले. हीच गोष्ट ऐरोलीच्या किंवा दिव्याच्या शाळेलाही लागू आहे. डोंगराकाठच्या येऊरच्या शाळेने दुसरा पाठ निवडावा.

चित्रकला आणि शारीरिक शिक्षणाच्या तासिकांबद्दल एकच सांगतो. त्या वेळापत्रकात असतील आणि प्रत्यक्षात गणिताला गेल्या असतील, तर ते लपत नाही. 'पीटीचा तास शेवटचा कधी झाला?' या प्रश्नाला नववीची मुले एका सुरात खरे उत्तर देतात.

आता तुमच्या मूळ पेचाकडे येऊ: स्तर कोणता नोंदवावा. सहकाऱ्यांचा पर्याय, म्हणजे सगळीकडे वरचा स्तर, सोपा वाटतो, पण तुमची बाजू त्यात कमकुवत होते. प्रत्येक मानकाला पुरावा जोडायचा आहे. जिथे तिथे सर्वोत्तम असे सांगणाऱ्या शाळेकडे पथक संशयाने पाहते आणि पहिल्याच तफावतीनंतर उरलेल्या खऱ्या नोंदींवरचा विश्वासही उडतो. शिवाय उद्या तुम्हाला पाचवीसाठी साहित्य किंवा प्रशिक्षण मागायचे झाले, तर तुमच्याच अहवालात सारे आलबेल असते. मोबदला कागदावरच्या यशाशी जोडला की काय होते याचा जुना अनुभव गाठीशी आहे. १८६२ मध्ये इंग्लंडने शाळांचे अनुदान निरीक्षकाने घेतलेल्या परीक्षेच्या निकालाशी जोडले, ती पद्धत मुंबई इलाख्यातही आली, आणि वाचायचे पुस्तक मुलांकडून पाठ करून घेण्याची चाल पडली. ज्या निरीक्षकांनी गुण द्यायचे त्यांनीच आपल्या अहवालांत तक्रार केली की वाचता न येणारी मुले वाचनात उत्तीर्ण होत आहेत.

दुसरा टोकाचा पर्याय म्हणजे उद्वेगाने सगळीकडे खालचा स्तर लिहिणे. तोही खराच असेल असे नाही, आणि तुमच्या शिक्षकांवर त्यात अन्याय होईल. शाळेत चांगले चाललेले काही असतेच, तेही वह्यांतून शोधायला हवे. मला पटणारा मार्ग मधला आहे, पण तो भिडस्तपणाचा नाही: जिथे पुरावा आहे तिथे वरचा स्तर निःसंकोच घ्या, जिथे नाही तिथे खालचा घ्या आणि सोबत अर्ध्या पानाचा सुधारणेचा आराखडा जोडा. त्यात गणितातील अपूर्णांकांची स्थिती, कोणत्या इयत्तेत आधार सुटतो, पुढच्या वर्षी पाचवीला किती जादा तासिका, कोण शिकवणार आणि पुन्हा कधी तपासणार, एवढे असावे. ज्या मुख्याध्यापिकेला आपल्या शाळेची दुखरी जागा नेमकी ठाऊक आहे, तिच्याशी पथकाचे बोलणेच वेगळ्या पातळीवर सुरू होते. कोणी तुसडेपणाने 'हे काय, कमी स्तर?' असे विचारलेच, तर वह्या पुढे ठेवा.

पट आणि अतिरिक्त शिक्षक ही भीती मात्र या प्रश्नापासून वेगळी करा. संचमान्यता, म्हणजे शाळेतील पदांची मंजुरी, पटावर ठरते. स्वयंमूल्यांकनात तुम्ही कोणता स्तर नोंदवला त्यावर शिक्षकांची पदे ठरत नाहीत. ठाण्यात मराठी शाळांचा पट का घसरतो याची कारणे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली माहीत आहेत, आणि त्यांत 'या शाळेने अमुक मानकात खालचा स्तर घेतला' हे कारण कोणत्याही पालकाच्या तोंडून तुम्ही ऐकलेले नसेल. 'माझ्या मुलाला सहावीत गणित जमत नाही' हे वाक्य मात्र ऐकले असेल.

हे सारे शिक्षकांपुढे मांडताना थोडी काळजी घ्या. सहावीच्या शिक्षकांना एकटे बोलावून वह्या दाखवू नका. एखाद्या शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, चौथी ते आठवीच्या गणिताच्या शिक्षकांना एकत्र बसवा आणि प्रत्येक इयत्तेच्या तीन वह्या टेबलावर मांडा, एक पुढे असलेल्या मुलाची, एक मधल्या आणि एक मागे राहिलेल्या मुलाची. प्रश्न एकच विचारा: हा विषय इयत्तागणिक पुढे कसा जातो आणि कुठे तुटतो? पहिली पंधरा मिनिटे सगळे सावध असतील आणि मग पाचवीच्या बाई म्हणतील की मला या घटकाला सहाच तासिका मिळाल्या. तिथून खरे बोलणे सुरू होते. त्या दिवशी काही लिहून घेऊ नका. पुढच्या सत्रात हेच मराठीच्या लेखनासाठी करता येईल. सगळे विषय एकदम हाती घेऊ नका, इंग्लंडच्या लहान शाळांची दमछाक त्यामुळेच झाली.

या पत्राच्या निमित्ताने नवी मुंबई-ठाण्यातील ज्या पालकांनी 'शाळेचा अभ्यासक्रम चांगला आहे हे कसे ओळखावे' असे विचारले आहे, त्यांनाही हेच सांगेन. मंडळाचे नाव आणि माहितीपत्रकातील छायाचित्रे पाहून ते कळत नाही. प्रवेशाच्या वेळी चौथीतील एखाद्या मुलाची वर्षअखेरची वही पाहायला मागा, आणि 'चौथीत हे न जमलेल्या मुलासाठी पाचवीत काय करता?' एवढे विचारा. ठोस उत्तर देणारी शाळा मराठी असो वा इंग्रजी, पुढे विचार करण्यासारखी आहे.

राहिले अध्यक्ष आणि त्यांचे रंगकाम. त्यांना नाही म्हणू नका. शाळेवर पैसे खर्च करायला तयार असलेले अध्यक्ष सहज मिळत नाहीत. त्यांना शनिवारच्या त्या बैठकीनंतर भेटा, तीन वह्या सोबत न्या आणि सांगा की रंगाच्या रकमेतला थोडा भाग पाचवीच्या वर्गासाठी अपूर्णांकांचे साहित्य आणि जादा तासिकांसाठी हवा आहे. स्तरांची माहिती ऑनलाइन भरण्यापूर्वी ती त्यांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला दाखवा, म्हणजे नंतर 'आम्हाला न विचारता' हा विषय निघणार नाही. आणि रंगकाम ठरलेच तर दिवाळीच्या सुट्टीत उरकून घ्या. तपासणीच्या आदल्या आठवड्यात ओल्या भिंतींमुळे दोन वर्ग एकत्र बसवावे लागले, तर बुडालेल्या तासिका पुन्हा पाचवीच्याच जातील.